खोलीतलं खोलीत

१ सप्टेंबर, रविवार

डॉक्टर म्हणाले, रक्तदाब खाली आणायचा असेल तर चिडचिड माणसांवर काढू नका, कागदावर काढा. म्हणून ही वही. पहिल्याच दिवशी भरपूर मजकूर मिळाला आहे.

बाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. बाई म्हणजे आमच्या चर्चच्या रविवारच्या शाळेच्या बाई. त्यांना नाव आहे, पण ते कुणी वापरत नाही. चर्चमागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्या चाळीसएक वर्षं मुलांना शिकवत आल्या. इथे लहानाचा मोठा झालेला जो तो त्यांच्या हाताखालून गेला आहे. आमचे हेसुद्धा. मी लग्न होऊन आले, म्हणून तेवढी वाचले.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला जिन्यापाशी गाठलं. "ताई, बाई बऱ्या होईपर्यंत वर्ग तुम्ही सांभाळाल का?" मी म्हटलं, आठवडाभर लॅबमध्ये मी लोकांचं रक्त काढते, रविवारी मला स्वतःचं आटवायचं नाही. ते हसले. त्यांना तो होकार वाटला. तेवढ्यात हे शेजारून म्हणाले, "करेल ती." यांना कुणी विचारलं होतं?

घरी येऊन मी बोलले, बोलले आणि बोलले. हे पेपर वाचत राहिले. छापखान्यात आयुष्य गेल्यामुळे यांना वाटतं छापलेलं तेवढंच खरं, बाकी सगळा आवाज.

८ सप्टेंबर, रविवार

पहिला वर्ग झाला. मी हात टेकले.

मुलं मोजकीच आहेत, पण पुरून उरतात. टेबल बडवणारा एक ढोल्या. एकमेकांच्या चपला लपवणारे दोघे जुळे भाऊ. पाळकसाहेबांची अकरा वर्षांची मुलगी, जिला मी मनातल्या मनात वकील म्हणते, कारण तिचा प्रत्येक गोष्टीला आक्षेप असतो. आणि एक काडीसारखी बारीक, सतत पेन्सिल चावणारी. तिला बाकीची मुलंच पेन्सिल म्हणतात. मला सगळी काकू म्हणतात. मी म्हटलं बाई म्हणा, तर वकील म्हणाली, "बाई आहेत ना अजून."

हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायला घेतली. "बाई अशी नाही सांगत. बाई आधी विचारतात, उरलेल्या मेंढरांना काय वाटलं असेल." गाणं सुरू केलं. "बाई इतक्या वरून नाही धरत." फळा पुसायला गेले. "बाई फळा आमच्याकडून पुसून घेतात." बाई तिकडे भाचीच्या घरी पलंगावर पडून आहेत आणि इथे खोलीभर पसरल्या आहेत.

शेवटी तर कहरच. जुळे उठून खिडक्या लावायला लागले आणि ढोल्याने दाराला कडी घातली. एवढा उकाडा, वर पंखा फिरतो न फिरतोसा, आणि यांनी खोलीची पेटी केली. विचारलं, हे काय चाललंय? वकील म्हणाली, "आता प्रार्थनेचे विषय." म्हणजे एकेकाने सांगायचं की आपल्यासाठी कशाची प्रार्थना करायची, आणि मग बाई एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतात. मी म्हटलं, देवाला उघड्या खिडकीतूनही ऐकू येतं. आणि दोन खिडक्या उघडून टाकल्या. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पाहू देत.

ढोल्याचं गणित. जुळ्यांना कुत्रा हवा आहे. वकिलाला आईचा राग आला आहे, तो जात नाही. मग पेन्सिलची पाळी आली. तिने पेन्सिल तोंडातून काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा रोज डबा घेऊन कामाला निघतात. पण ते कामाला जात नाहीत. बसस्टँडवर बाकावर बसून असतात. मला शाळेच्या बसमधून दिसतात. आईला माहीत नाही. मी सांगितलं नाही."

जमेल तशी प्रार्थना केली. मुलांनी आमेन म्हटलं, खिडक्या उघडल्या आणि जिन्यावरून धडधडत खाली गेली, जसं काही झालंच नाही. पेन्सिलसुद्धा.

तिचे वडील मला माहीत आहेत. पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर, सरळ आणि अबोल, लहानपणी यांच्या मागच्या बाकावर बसायचे म्हणे. नोकरी गेलेली दिसते. कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे. नुसतं आमेन म्हणून खाली पळणं मला जमत नाही.

संध्याकाळी चिरंजिवांचा फोन आला होता. यांच्याशी बोलला. मी हात पुसून येईपर्यंत ठेवलाही. कामात असतो तो.

१५ सप्टेंबर, रविवार

आज मी ते केलं.

उपासनेत पाळकसाहेब विचारतात, मंडळीपैकी कुणाच्या काही विनंत्या? नेहमीचे गुडघे आणि परीक्षा झाल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, आपल्या रविवारच्या शाळेतल्या एका मुलीच्या वडिलांची नोकरी गेली आहे, घरी सांगायचं धैर्य त्यांना होत नाही, दिवस दिवस घराबाहेर बसून काढतात, तर त्यांच्यासाठी सर्वांनी मनापासून प्रार्थना करावी. नाव घेतलं नाही. नाव घेण्याइतकी मी बेअक्कल नाही.

सेक्रेटरीणबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. चर्चचे सेक्रेटरी त्यांचे यजमान आहेत, पण कारभार सगळा बाईसाहेबांचा. पाळकसाहेबांनी प्रार्थना करायला जरा वेळ लावला. मधेच पेन्सिलची आई उठून बाहेर गेली. तिच्या मागोमाग वडील गेले. पेन्सिल तेवढी बाकावर बसून राहिली, समोर बघत. मला क्षणभर चुकल्यासारखं झालं. पण मी नाव घेतलं नव्हतं.

नंतर वर्गाला ती आली नाही. बाकीची मुलं आज कमालीची शहाण्यासारखी वागली. ढोल्याने टेबलाला हात लावला नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

लॅबमध्ये ऐन गर्दीत फोन आला. एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधलेला, नस सापडत नव्हती. पेन्सिलचे वडील होते. आवाज चढवला नाही. "माझी मुलगी यापुढे तुमच्या वर्गाला येणार नाही. एवढंच सांगायचं होतं." मी म्हटलं, अहो पण मी कुणाचं नाव... फोन बंद.

घरी यांना सांगितलं. यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजावं, काहीतरी लागट येणार.

"वर्गात मुली किती आहेत?"

"दोन."

"त्यातली एक कुणाची?"

"पाळकसाहेबांची."

यांनी चष्मा पुन्हा लावला. मी ताटं घेतली, ती जरा आपटली गेली. आता माणसाने उभं राहून प्रार्थनेची विनंती करायची तर आधी बेरीज-वजाबाकी करायची का? आणि लपवून काय मिळत होतं त्या माणसाला? कधीतरी कळणारच होतं. मी चांगल्यासाठी केलं. हे मी आज यांना चारदा सांगितलं. एकदाही यांनी हो म्हटलं नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सेक्रेटरीणबाईंनी त्यांच्या भावाच्या गोदामात पेन्सिलच्या वडिलांसाठी शब्द टाकला. ते नको म्हणाले. आणखी दोघांनी घरी जाऊन विचारपूस केली, त्यांना दारातूनच वाटेला लावलं. म्हणजे मदत पाहिजे पण कुणाला कळायला नको. मग मदत काय भिंतीतून यायची?

खापर मात्र माझ्याच डोक्यावर. बाजारात पेन्सिलची आई दिसली. तिने मला पाहिलं आणि भाजी न घेताच वळली. डोळे सुजलेले होते. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तसं वाटून मला आणखी राग आला.

२२ सप्टेंबर, रविवार

आजचा अपमान मी विसरणार नाही.

मुलांनी गोष्ट नीट ऐकली. गाणं म्हटलं. मग जुळ्यांनी खिडक्या लावल्या, ढोल्याने कडी घातली. या वेळी मी त्यांना अडवलं नाही. म्हटलं, हं, सांगा आता विषय.

ढोल्या म्हणाला, "काही नाही."

एक जुळा, "काही नाही." दुसरा, "काही नाही."

वकील हाताची घडी घालून म्हणाली, "काही नाही."

एवढीएवढीशी पोरं, पण तोंडाला कुलूप. मी म्हटलं, ढोल्या, तुझं गणित सुटलं वाटतं? तो म्हणाला, "नाही सुटलं." मग सांगत का नाहीस? त्याने वकिलाकडे पाहिलं आणि वकिलाने त्याचं वकीलपत्र घेतलं. "काकू, खोलीतलं खोलीत असतं. म्हणून खिडक्या लावतो. बाईंनी कधीच कुणाचं कुणाला सांगितलं नाही. माझं पप्पांना पण नाही सांगितलं, आणि पप्पा तर पाळक आहेत."

मी म्हटलं, हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?

"आम्हाला वाटलं मोठ्यांना माहीत असतं."

त्यानंतर मी प्रार्थना काय केली देव जाणे. कुणासाठीच काही नव्हतं. हवामान चांगलं ठेव असं काहीतरी म्हटलं असेन.

कार्टी आहेत. पण एक लिहून ठेवते. पेन्सिलची खुर्ची कुणी ओढली नाही, तिच्यावर दप्तरही ठेवलं नाही. वर्ग संपल्यावर चौघं तिच्या घरी जायला निघाली. मी विचारलं कशाला, तर म्हणे जो येत नाही त्याच्याकडे जायचं असतं. मला बरोबर या असं कुणी म्हटलं नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

कामावरून सुटल्यावर बाईंकडे गेले. म्हटलं, त्यांनी हे मुलांना शिकवून ठेवलं आहे, आता त्यांनीच निस्तरावं.

भाचीने एका लहान खोलीत पलंग लावून दिला आहे. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, पाय वाळूच्या पिशव्यांमध्ये अडकवलेला. ऐकू कमी येतं, त्यामुळे आपल्याला ओरडावं लागतं आणि ओरडलं की "अगं, हळू" म्हणतात. मी सुरुवात केली, "बाई, त्या पेन्सिलने वर्गात सांगितलं की तिचे वडील..."

बाईंनी हात वर केला. "तिने खोलीत सांगितलं ना?"

"हो."

"मग मला कशाला सांगतेस?"

मी म्हटलं, अहो, आता अख्ख्या गावाला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "गावाला असेल. मला तिने नाही सांगितलं." म्हणजे ज्यांच्यापायी हे रामायण झालं, त्याच ऐकायला तयार नाहीत. मग मी वैतागून विचारलं, चाळीस वर्षं सगळ्यांचं पोटात ठेवून तुम्हाला मिळालं काय? आणि कुणाला मदत लागली तर करायची कशी?

त्यांनी खूप वेळ विचार केला. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मग म्हणाल्या, "मदत करता येते की. सांगायला कशाला लागतं?" आणि मग, "तू त्यांच्या घरी गेलीस का?"

"ते मला दारात उभं करणार नाहीत."

"बरं," बाई म्हणाल्या. नुसतं बरं. ना रागावल्या, ना उपदेश केला. रागावल्या असत्या तर मला निदान भांडता आलं असतं. निघताना माझा हात धरून ठेवला बराच वेळ, आणि ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तरी सांगितलं नसतंच.

भाचीने फाटकापाशी सांगितलं, बाईंना आता जिना चढता येणार नाही. कधीच नाही. म्हणजे हा वर्ग माझ्या गळ्यात कायमचा.

२८ सप्टेंबर, शनिवार

गेले एकदाची. तीन मजले चढून.

दार पेन्सिलच्या वडिलांनीच उघडलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. आत या म्हणाले नाहीत, दारही लावलं नाही. मी पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली, की माझा हेतू चांगला होता, मी नाव घेतलं नव्हतं. ते सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "ताई, माझा रक्ताचा रिपोर्ट तुमच्या लॅबमध्ये आला, आणि त्यात काही वाईट निघालं, तर चर्चमध्ये सांगाल?"

"छे, भलतंच काय." मला रागच आला. इतकी वर्षं नोकरी केली, सख्ख्या बहिणीने तिच्या जावेचा रिपोर्ट विचारला होता तर तिलाही सांगितला नाही. वर्षभर अबोला धरला होता तिने.

"नाव न घेता?"

"नाव न घेताही नाही."

"का?"

मी म्हटलं, ते वेगळं. ते कामाचं असतं. ते म्हणाले, "हं."

मग दाराच्या चौकटीला टेकून ते बोलले. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मी पोरीएवढा होतो तेव्हा बाईंना एक गोष्ट सांगितली होती. आमच्या घरातली. काय ते माझ्या बायकोलाही माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून बाई मला शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी न्यायच्या, शिकवणीच्या नावाखाली. दिवेलागणीपर्यंत ठेवून घ्यायच्या. कारण कुणाला सांगितलं नाही. माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही की बाईंना माहीत आहे. दर रविवारी दोघी भेटायच्या, गप्पा मारायच्या. मला आत्ता कळतं, किती अवघड गेलं असेल बाईंना. म्हणून पोरीला तिथे पाठवत होतो. तिच्या मनात काही साठलं तर बोलायला एक जागा असावी म्हणून." मग म्हणाले, "तिने माझंच सांगितलं. त्याचा मला राग नाही. पण आता ती कुणालाच काही सांगत नाही. माझ्यामुळे आईबाप भांडले असं म्हणते. जेवताना मीठ हवं तर तेही मागत नाही."

मी म्हटलं, माझं चुकलं. ते म्हणाले, "हो." आणि दार हळूच लावलं.

तीन मजले उतरून खाली कट्ट्यावर बसले आणि रडले. येणारे-जाणारे बघत होते. बघेनात का.

घरी यांना विचारलं, तुम्हीही लहानपणी बाईंना काही सांगितलं होतं का? "होतं की." काय? हे हसले आणि रेडिओ लावला. इतकी वर्षं संसार केला, आणि मला माहीत नाही ते त्या म्हातारीला माहीत आहे. आणि हा माणूस सुखाने रेडिओ ऐकतो.

२९ सप्टेंबर, रविवार

पुन्हा "काही नाही." पुन्हा हवामान.

वर्गानंतर वकील मागे थांबली. म्हणाली, "काकू, तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ना, मग सॉरी पण सगळ्यांसमोर म्हणायला लागतं. एकदा बाई ढोल्याला उगाचच ओरडल्या, चपला त्याने नव्हत्या लपवल्या. तर पुढच्या रविवारी त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. ढोल्याच रडायला लागला."

अकरा वर्षांची पोरगी मला शिकवते. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बाई बघू नाही म्हणत."

६ ऑक्टोबर, रविवार

काल मी मोठं भाषण तयार केलं होतं. काय झालं, का झालं, कारखाना, बसस्टँड, माझा हेतू, सगळं. यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "त्यांचं काय झालं ते परत कशाला सांगतेस? तुझं तेवढं सांग." मी चिडले. मग रात्रीचं जेवण होईपर्यंत एकेक ओळ काढत गेले. उरलं फारच थोडं.

आज विनंत्यांच्या वेळी उभी राहिले. म्हटलं, "काही रविवारांपूर्वी मी इथे उभी राहून जे सांगितलं, ते सांगायचा मला हक्क नव्हता. ते माझ्याकडे विश्वासाने दिलेलं होतं. मला क्षमा करा." आणि बसले.

पेन्सिलच्या घरचं कुणी आलंच नव्हतं. म्हणजे ज्यांना ऐकू जायला हवं ते सोडून उरलेल्या सगळ्यांनी ऐकलं. माझं नशीब.

बाहेर पडते तोच सेक्रेटरीणबाईंनी दंड धरला. "अगं, नेमकं कशाबद्दल म्हणालीस? त्यांच्याबद्दलच ना? आता कसं आहे त्यांचं? बायको माहेरी गेली म्हणे, खरं का?" मला माहीत होतं. ती गेली नव्हती, गुरुवारीच दोघं मला बसस्टॉपवर दिसली होती, एकमेकांच्या शेजारी, एका पिशवीचे दोन बंद दोघांच्या हातात. सांगितलं असतं तर अफवा तरी थांबली असती. तोंडापर्यंत आलं. मी म्हटलं, "मला काही कल्पना नाही हो." सेक्रेटरीणबाई फार नाराज झाल्या. लोक हे चाळीस वर्षं कसं करतात?

१३ ऑक्टोबर, रविवार

ती आली नाही. काही लिहिण्यासारखं नाही. रक्तदाब जैसे थे. डॉक्टर म्हणाले, लिहिता ना? म्हटलं, लिहिण्यानेच वाढत असेल.

मुलं वर्गानंतर तिच्याकडे निघाली. जिन्यात ढोल्या थांबला आणि म्हणाला, "काकू, येताय?" मी खालच्या रस्त्यावर उभी राहिले, वर गेले नाही. गॅलरीत पेन्सिल आली होती. तिने खाली पाहिलं. मी हात केला. तिने केला नाही, पण आतही गेली नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

पेन्सिल आली.

वडील फाटकापर्यंत सोडायला आले होते. मला पाहून मान हलवली. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळलं नाही. ती येऊन आपल्या खुर्चीत बसली. कुणी तिला काही विचारलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जुळ्यांनी फक्त तिच्या चपला लपवल्या. मी ओरडणार होते, पण ती हसली, म्हणून गप्प बसले.

गोष्ट झाली. गाणं झालं, मी खालच्या पट्टीत धरलं. खिडक्या लागल्या, कडी लागली, घामाच्या धारा लागल्या. आणि मग सगळी माझ्याकडे बघत बसली. मी ढोल्याकडे पाहिलं. ढोल्याने वकिलाकडे पाहिलं. वकील म्हणाली, "काकू, आज आधी तुम्ही."

मी म्हटलं, माझा काही विषय नाही. ती म्हणाली, "बाई पण सांगायच्या त्यांचा." काय सांगायच्या, असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि पाचही जणांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

शेवटी गुडघ्याचं सांगावं असं ठरवलं. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. म्हटलं, माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही. फोन करतो, पण बाबांशीच बोलतो. दोन वर्षं झाली. मला वाटायचं कामात असतो. पण तो कामात नसतो. का बोलत नाही ते मला कळत नाही. हे मी यांनाही कधी बोलून दाखवलं नव्हतं. जुळे चुळबुळ करायचे थांबले.

पेन्सिलने पेन्सिल तोंडातून काढली. "तुम्ही त्याचं काही कुणाला सांगितलं होतं का?"

"नाही गं. त्याचं लग्न मोडलं, तेव्हा फक्त मंडळीला प्रार्थनेसाठी..."

ते शब्द मी स्वतःच्याच तोंडून ऐकले. पेन्सिल म्हणाली, "हं." अगदी तिच्या वडिलांसारखं. मग तिने माझ्यासाठी प्रार्थना केली. मोठ्यांदा, माझं नाव घेऊन. मुलांना माझं नाव माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. चिरंजिवांसाठीही केली. ढोल्याने आमेन इतक्या जोरात म्हटलं की मी दचकले.

त्यानंतर ढोल्याने त्याचा विषय सांगितला. मग जुळ्यांनी, मग वकिलाने. सगळ्यात शेवटी पेन्सिलने सांगितला. बराच वेळ सांगत होती, मधे मधे थांबून. मी मधे बोलले नाही, आणि ते किती कठीण गेलं हे देवालाच ठाऊक.

घरी आल्यावर यांनी विचारलं, आली का गं पोरगी? म्हटलं, आली. काय म्हणाली? मी यांच्याकडे पाहिलं. यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि हसायला लागले. मला हसू आलं नाही. डोकं भणभणतंय, पोटात एवढं साठलंय की जेवण जाणार नाही, आणि हे असंच दर रविवारी होणार.

वही घेऊन बसले आहे ती तेवढ्यासाठीच. डॉक्टरांनी सगळं कागदावर काढायला सांगितलं आहे. पेन्सिलने काय सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही.